अमेरिकेतल्या कॉलेज सॉकर संघात जागा मिळवायची तर : नववीपासून सही होईपर्यंत

सकाळचे आठ, मैदान क्रमांक अकरा, रात्रीच्या पावसाने गवत अजून ओलं. साइडलाइनपासून थोडं मागे, घडीच्या खुर्चीत एक कोच बसल्या होत्या, मांडीवर वही. पहिल्या हाफमध्ये माझ्या मुलीच्या पायातून चेंडू निसटला. मधल्या फळीत चेंडू गेला की समोरची टीम थेट गोलकडे धावते. माझी मुलगी गर्रकन वळली, तीसेक मीटर मागे पळत गेली आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या समोरच्या मुलीकडून तो परत काढून घेतला. चेंडू गेला याचंच मला वाईट वाटत राहिलं. कोचनी मात्र वहीत काहीतरी टिपलं. रात्री मुलीला त्यांचा ईमेल आला. तिने त्या दिवशी एक गोलही केला होता, पण पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. चेंडू गमावल्यावर तिने जे केलं ते आवडलं, असं लिहिलं होतं.

ती शोकेस होती, म्हणजे कॉलेजचे कोच खेळाडू बघायला येतात अशी क्लबांची स्पर्धा. त्या सकाळी तिथे वीस मैदानांवर एकाच वेळी सामने चालू होते. त्या कोच नेमक्या अकराव्या मैदानावर आल्या, कारण दहा दिवस आधी मुलीने स्वतः त्यांना लिहिलं होतं : मैदान अमुक, वेळ अमुक, जर्सी १६. कॉलेज सॉकरचं रिक्रूटमेंट कसं चालतं ते मला त्या दिवशी कळलं. मूल चांगलं खेळलं की कोणीतरी शोधत येईल, ही आपली समजूत. हजारांत एखाद्याच्या बाबतीत ती खरी ठरते. बाकीच्यांनी स्वतः लिहायचं असतं, वेळेत लिहायचं असतं, आणि आपल्या पातळीच्या कॉलेजांना लिहायचं असतं.

न्यू जर्सीत राहून आम्ही या सगळ्यातून गेलो. इथल्या मराठी घरांमध्ये गणिताच्या स्पर्धा आणि एसएटीची माहिती भरपूर असते, या वाटेची मात्र फार कमी. म्हणून सविस्तर लिहिते आहे. कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोव्यातून अमेरिकेत येऊन खेळायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलांसाठी शेवटी वेगळा भाग आहे, पण आधीचं सगळं त्यांनाही लागू पडतं. (इथे फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घातलेला दुसराच खेळ डोळ्यांसमोर येतो, म्हणून लेखात सॉकर हाच शब्द ठेवला आहे.)

आधी नकाशा समजून घ्या

बहुतेक कॉलेजांचे खेळ एनसीएए या संस्थेखाली चालतात आणि तिच्यात तीन डिव्हिजन आहेत. त्याबाहेर एनएआयए ही लहान कॉलेजांची संघटना आहे, आणि दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची एनजेसीएए.

डिव्हिजन वनमध्ये मुलींचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत, मुलांचे दोनशेच्या थोडे वर. या फरकाचं मूळ १९७२ च्या टायटल नाइन कायद्यात आहे. कॉलेजांना मुलामुलींना खेळाच्या समान संधी द्याव्या लागतात, आणि अमेरिकन फुटबॉलचा एकेक संघच शंभरेक मुलांच्या जागा घेतो. त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत मुलींचा सॉकर संघ आहे, पण मुलांचा नाही. मुलगा असेल तर स्पर्धा आणखी तीव्र समजा, कारण मुलांच्या संघांत युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतून आलेले, वयाने थोडे मोठे खेळाडूही बरेच असतात.

डिव्हिजन टूमध्ये शिष्यवृत्ती मिळते, पण बहुधा अर्धीमुर्धी, अभ्यासाच्या शिष्यवृत्तीला जोडून. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, आणि हे ऐकताच बरेच पालक तो रकाना खोडून टाकतात. तसं करू नका. एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, टफ्ट्स, एमरी, विल्यम्स, ॲमहर्स्ट हे सगळे डिव्हिजन थ्री आहेत. मराठी घरांत डॉक्टरकीसाठी ओळखलं जाणारं जॉन्स हॉपकिन्स घ्या. तिथल्या मुलींच्या संघाने २०२२ मध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. अशा कॉलेजांत कोचने नाव पुढे केलं तर प्रवेशाच्या टेबलावर त्याला वजन असतं, आणि ते वजन पैशापेक्षा मोलाचं ठरू शकतं. आमच्या मुलीचं शेवटी डिव्हिजन थ्रीमध्येच जमलं.

एनएआयए आणि ज्युनिअर कॉलेजांनाही कमी लेखू नका. ज्याचं शरीर उशिरा भरलं किंवा ज्याचे शाळेतले गुण मागे राहिले, अशा मुलाला दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात खेळून मग चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं.

आपलं मूल कुठे बसतं, हे कसं ओळखायचं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. आम्ही दिला नाही आणि एक अख्खं वर्ष गेलं.

पहिलं काम, प्रत्यक्ष सामने बघा. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. घराजवळच्या डिव्हिजन वन, टू आणि थ्री अशा तिन्ही पातळ्यांचा एकेक सामना मुलाबरोबर मैदानावर बसून पाहा. टीव्हीवर वेग कळत नाही. तिथे बसलं की मूल स्वतःच म्हणतं, "आई, यांच्याकडे चेंडू आला की विचार करायला वेळच नसतो." आपल्या मुलाच्या पोझिशनवर खेळणाऱ्या एकाच खेळाडूवर दहा मिनिटं नजर ठेवा. चेंडू नसताना ती कुठे उभी राहते, किती वेळा मान वळवून मागे पाहते, दोन्ही पायांनी खेळते का.

दुसरं काम, रोस्टर वाचायला शिका. प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या पानावर संघाची यादी असते : नाव, वर्ष, पोझिशन, उंची, गाव, आधीचा क्लब. त्यातून तीन गोष्टी कळतात.

क्लबच्या रकान्यावरून पातळी कळते. सगळ्या मुली ईसीएनएल किंवा गर्ल्स अकॅडमी या देशपातळीवरच्या वरच्या क्लब लीगमधून आलेल्या असतील आणि तुमची मुलगी गावच्या लीगमध्ये खेळत असेल, तर तिथला कोच तिची पातळी कशाशी ताडून पाहणार? मुलांच्या बाबतीत तेच एमएलएस नेक्स्ट या लीगचं. वाट बंद होत नाही, पण कठीण नक्की होते.

गावाच्या रकान्यावरून कोच कुठून खेळाडू घेतो ते दिसतं. काही कोच आपल्या राज्याबाहेर फारसे बघतच नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा वर्षाचा रकाना. समजा मुलगी २०२७ च्या शरद ऋतूत कॉलेजात जाणार आहे. २०२५ च्या रोस्टरवर जी दुसऱ्या वर्षाला आहे ती २०२७ मध्ये शेवटच्या वर्षाला असेल, म्हणजे संघात असेल. जी २०२५ मध्ये तिसऱ्या वर्षाला आहे ती गेलेली असेल. आता मोजा : तुमच्या पोझिशनवरच्या किती जणी उरतात? चार मिडफिल्डर उरत असतील तर त्या कोचला तुमच्या मुलीची गरज कमी. एकच उरत असेल तर आजच लिहा. गोलकीपरसाठी हे गणित आणखी काटेकोर आहे. एका संघात तीन-चारच गोलकीपर असतात, आणि बरेच कोच दरवर्षी नवा घेतही नाहीत.

तिसरं काम, क्लबच्या कोचला स्पष्ट विचारा. "ती चांगली आहे का?" असं विचारलंत तर उत्तर गोडच येणार. "आज ती कोणत्या पाच कॉलेजांत खेळू शकेल?" असं विचारा. नावं ऐकून मन खट्टू झालं तरी ती लिहून ठेवा. आमच्या कोचने दिलेल्या पाच नावांतली दोन अखेर तिच्या शेवटच्या यादीत होती.

यादी तीस-चाळीस कॉलेजांची करा आणि तिच्यात तिन्ही पातळ्या ठेवा. प्रत्येक नावापुढे मुलाने स्वतः एक गोष्ट लिहावी : पाय मोडला आणि चार वर्षं खेळताच आलं नाही, तरी मी इथे आनंदाने शिकेन का? उत्तर नाही असेल तर ते नाव खोडा.

शाळेचे विषय : नववीतच बघा

डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळायला एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरची मान्यता लागते. नियम असा की हायस्कूलमध्ये सोळा मान्य विषय-वर्षं पूर्ण हवीत. डिव्हिजन वनसाठी चार वर्षं इंग्रजी, तीन वर्षं गणित, दोन वर्षं विज्ञान, दोन वर्षं सामाजिक शास्त्रं आणि उरलेले मान्य विषय. या सोळांचा जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, डिव्हिजन वनसाठी किमान २.३ आणि डिव्हिजन टूसाठी २.२ लागतो. डिव्हिजन वनसाठी सोळांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत, आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. एसएटी किंवा एसीटीची अट २०२३ पासून काढून टाकली आहे, पण कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं.

मराठी मुलांना २.३ म्हणजे काहीच नाही असं वाटेल. अडचण गुणांची नसते, विषयाच्या मान्यतेची असते. शाळेतला एखादा ऑनलाइन किंवा उन्हाळी कोर्स एनसीएएच्या यादीत नसतो आणि ते बारावीत कळतं. शाळेच्या काउन्सिलरकडून मान्य विषयांची यादी नववीतच घ्या. एलिजिबिलिटी सेंटरवर आधी मोफत प्रोफाइल उघडता येतं. पैसे भरून पूर्ण नोंदणी दहावी-अकरावीत केली तरी चालते.

डिव्हिजन थ्रीमध्ये हे सेंटर अमेरिकेतल्या मुलांची अशी तपासणी करत नाही, कॉलेजचे स्वतःचे प्रवेश निकष चालतात. पण ते निकष २.३ च्या कितीतरी वर असतात. तिथे नववीपासूनचा प्रत्येक ग्रेड मोजला जातो.

व्हिडिओ

तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. कोच पहिल्या तीस सेकंदांत ठरवतो की पुढे बघायचं की नाही, म्हणून सर्वांत चांगले तीन प्रसंग सुरुवातीला टाका. प्रत्येक क्लिपच्या आरंभी खेळाडूभोवती गोल किंवा डोक्यावर बाण दाखवा आणि क्षणभर चित्र थांबवा. संगीत नको.

काय दाखवायचं ते पोझिशनवर अवलंबून आहे. बहुतेक मुलं फक्त गोल भरतात. मिडफिल्डरचा व्हिडिओ असेल तर पाठ गोलकडे असताना चेंडू घेणं, पहिल्या स्पर्शातच दबावातून बाहेर पडणं, दोन्ही पायांनी दिलेले लांब पास, आणि चेंडू गेल्यावर परत धावणं हे हवं. बचावपटूचं हवेतलं हेडिंग, एकास एक बचाव आणि चेंडू नसताना उभं राहण्याची जागा दिसली पाहिजे. गोलकीपरचे नुसते सूर मारलेले बचाव पुरे नाहीत. क्रॉस पकडायला बाहेर येणं आणि पायाने खेळ सुरू करणं कोचला बघायचं असतं.

क्लिप लांब ठेवा. पास देण्याआधीचे चार सेकंद दिसले तरच निर्णय दिसतो. आणि व्हिडिओसोबत एक अखंड सामना द्या, तोही अवघड प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा. आवड निर्माण झाली की कोच तोच मागतात. बऱ्याच क्लबांकडे उंच खांबावरचा आपोआप फिरणारा कॅमेरा असतो. नसेल तर एक पालक प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवरून मोबाइल स्टँडवर लावून चित्रण करू शकतो. चित्रण आडवं घ्या, आणि चेंडूपुरतं जवळ न जाता अर्धं मैदान चौकटीत ठेवा.

पत्र

सुरुवातीला आम्ही एका रिक्रूटिंग सेवेला पैसे भरले. त्यांनी शंभरावर कॉलेजांना एकच मजकूर पाठवला. त्यातल्या एका कॉलेजात तिला हवा तो विषयच नव्हता. दोन कोचनी सभ्यपणे कळवलं की त्या वर्षी त्यांना मिडफिल्डर नको आहेत. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. नंतर मुलीने स्वतः बसून एकेक पत्र लिहिलं, तेव्हा उत्तरं येऊ लागली. मूळ पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर मजकूर साधारण असा :

विषय : २०२७ ची मिडफिल्डर, जर्सी १६, तुमच्याजवळच्या शोकेसमध्ये खेळणार

"प्रिय कोच, मी न्यू जर्सीत अकरावीत शिकते आणि मधल्या फळीत खेळते. गेल्या शनिवारी तुमचा सामना पाहिला. दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही तीन मिडफिल्डर ठेवून खेळ बाजूने काढलात, माझा क्लबही तसाच खेळतो. मला पर्यावरण विज्ञान शिकायचं आहे आणि तुमच्या विभागातलं नदीवरचं काम मी वाचलं आहे. माझा जीपीए अमुक, व्हिडिओ इथे, अखंड सामना इथे. पुढच्या आठवड्यातलं माझं वेळापत्रक खाली देते आहे. माझ्या क्लब कोचचा फोन आणि ईमेल सोबत आहे. तुम्ही २०२७ साठी मिडफिल्डर शोधत आहात का?"

एवढंच. शेवटचा थेट प्रश्न सोडू नका, त्यामुळे कोचला हो किंवा नाही लिहिणं सोपं जातं. आणि प्रत्येक पत्रात एक ओळ अशी हवी जी दुसऱ्या कोणत्याही कॉलेजला पाठवता येणार नाही. पाठवण्याआधी कॉलेजचं आणि कोचचं नाव मोठ्याने वाचा. चुकीच्या नावाचं पत्र कोच लगेच मिटतात. मुख्य कोचबरोबर असिस्टंट कोचलाही प्रत ठेवा. रिक्रूटमेंटचं रोजचं काम बहुधा तेच बघतात.

पत्र मुलानेच लिहावं, त्याच्याच ईमेलवरून. आईबाबांनी शुद्धलेखन तपासावं आणि बाजूला व्हावं. फोन आला तरी बोलेल मूलच. आपल्याकडे मुलाच्या वतीने मोठ्यांनी बोलण्याची सवय असते, त्यात मायाच असते. पण इथे कोच पालकाचा आवाज ऐकला की वेगळाच निष्कर्ष काढतो : हे मूल घरापासून दूर स्वतःचं स्वतः बघू शकेल का?

आता तारखा. डिव्हिजन वनचे आणि टूचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच मुलाशी रिक्रूटमेंटचं बोलू शकतात. त्याआधी पत्र पाठवलं तर फक्त कॅम्पची माहिती किंवा एखादा फॉर्म येईल. ती उपेक्षा समजू नका, नियम तसा आहे. पत्र मात्र ते वाचतात, म्हणून दहावीच्या वसंतात पहिलं पत्र जायला हवं. डिव्हिजन थ्री आणि एनएआयएचे कोच आधीही उत्तर देऊ शकतात. पहिल्या पत्राला उत्तर नाही आलं तर तीन-चार आठवड्यांनी नव्या कारणाने पुन्हा लिहा : नवा व्हिडिओ, नवे ग्रेड, पुढची स्पर्धा. तीन पत्रांनंतरही शांतता असेल तर ते नाव यादीत खाली सरकवा.

शोकेस आणि आयडी कॅम्प

शोकेसचं पत्र दोनदा जातं. एकदा दहा दिवस आधी, आणि एकदा आदल्या संध्याकाळी, मैदान बदललं असेल तर तेवढ्यासाठी. तिथे पालकांनी कोचच्या खुर्चीपासून लांब उभं राहावं, आणि ओरडून सूचना देऊ नयेत. कोच वॉर्म-अपपासून बघत असतात. बदली होऊन बाहेर आल्यावर बेंचवर कशी बसते, चुकलेल्या सोबतिणीशी काय बोलते, हे सगळं त्या वहीत जातं.

आयडी कॅम्प म्हणजे कॉलेजच्या मैदानावर, त्याच कॉलेजचे कोच घेतात तो एक-दोन दिवसांचा सराव. उपयोग मोठा, पण फी आणि प्रवासाचा खर्चही मोठा. कॅम्पचं आमंत्रण हजारो मुलांना एकदम जातं, त्यातलं "तुझा खेळ आम्हाला आवडला" हे वाक्यही छापील असू शकतं. ओळखायची खूण एकच. पत्रात तुमच्या मुलाच्या एखाद्या नेमक्या सामन्याचा किंवा क्लिपचा उल्लेख आहे का? नसेल तर मुलाने परत लिहून विचारावं, "माझा व्हिडिओ तुम्ही पाहिलात का, आणि माझ्या वर्षासाठी या पोझिशनवर जागा आहे का?" उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात पाच कॅम्प केले, त्यातल्या तीन ठिकाणी तिचं नावही कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात दोनच केले. दोन्हीकडे आधी फोनवर बोलणं झालं होतं, आणि दोन्ही कामी आले.

फोन आणि भेटी

कोचशी पहिला फोन म्हणजे मुलासाठी मुलाखतच. डिव्हिजन वनमध्ये कॉलेजच्या खर्चाने होणारी अधिकृत भेट अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून होऊ शकते, डिव्हिजन थ्रीमध्ये अकरावीतल्या १ जानेवारीपासून. स्वखर्चाने कॉलेज बघायला मात्र आधीही जाता येतं.

विचारायचे प्रश्न मुलाने वहीत लिहून न्यावेत. माझ्या वर्षात माझ्या पोझिशनवर किती जणी घेणार? त्यात मी तुमच्या यादीत कितवी? पहिल्या वर्षाच्या मुलींना गेल्या हंगामात किती मिनिटं मिळाली? प्रयोगशाळेचा तास आणि सराव एकाच वेळी आला तर काय होतं? दुखापत झाली तर आर्थिक मदतीचं काय? "यादीत कितवी" हा प्रश्न विचारायला मुलं कचरतात. विचारलाच पाहिजे, आणि प्रामाणिक कोच त्याचं उत्तर देतात.

भेटीत संघातल्या मुलींबरोबर कोच नसताना तासभर मिळाला तर सर्वांत चांगलं. आमच्या मुलीने तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला विचारलं, "हरल्यानंतर बसमध्ये कसं असतं?" त्या उत्तरावरून तिने एक कॉलेज यादीतून काढलं.

ट्रान्सफर पोर्टल काय आहे तेही समजून घ्या. २०१८ पासून कॉलेजातले खेळाडू या व्यवस्थेतून सहज दुसरं कॉलेज शोधू शकतात. त्यामुळे कोच कधी बारावीच्या मुलाऐवजी दोन वर्षं कॉलेजात खेळलेला खेळाडू घेतात. डिव्हिजन वनच्या कोचला विचारा, गेल्या वर्षी नव्या खेळाडूंतले किती पोर्टलमधून आले.

पैसा आणि सही

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने डिव्हिजन वनचं गणित बदललं. आधी मुलींच्या संघाला जास्तीत जास्त १४ आणि मुलांच्या संघाला ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका पैसा देता यायचा आणि कोच तो तुकडे करून वाटायचे. आता तडजोडीत सामील कॉलेजांना ती मर्यादा नाही, पण मोजके अपवाद सोडले तर संघात २८ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. पूर्वी शिष्यवृत्तीशिवाय संघात राहून दोन वर्षांत जागा कमावणारी मुलं असायची, त्यांची वाट अरुंद झाली. आणि मर्यादा उठली म्हणजे पैसा आला असं नाही. अनेक कॉलेजांकडे सॉकरसाठी पूर्वीही तेवढा पैसा नव्हता. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं डिव्हिजन वन असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत, घरच्या उत्पन्नावर आधारित मदत देतात.

तोंडी होकाराला कायद्याने काही किंमत नाही, दोन्ही बाजूंनी. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला त्या कॉलेजशी बांधून घेणारं सहीचं पत्र, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजशी थेट आर्थिक मदतीचा करार होतो. त्यात रक्कम किती, किती वर्षांसाठी आणि कोणत्या कारणाने थांबू शकते, हे वाचूनच सही करा.

डिव्हिजन थ्रीची पद्धत वेगळी आहे आणि मराठी घरांना फारशी माहीत नसते. अकरावी संपल्यावर जुलैपासून कोच मुलाचे ग्रेड आणि बारावीचे विषय प्रवेश कार्यालयाला दाखवतात. याला प्री-रीड म्हणतात. त्यावरून प्रवेशाचा अंदाज कळतो. तो चांगला असेल तर कोच म्हणतो, "अर्ली डिसिजनने अर्ज कर, मी तुझ्या पाठीशी आहे." अर्ली डिसिजन बांधील असतं, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, आणि मुदत बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्याला. म्हणून त्याआधी कॉलेजच्या पानावरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये घरचे खरे आकडे भरा, आणि आर्थिक मदतीचा आगाऊ अंदाजही मागा. आम्ही दोघांनी आधी आकडा बघितला, मग मुलीला हो म्हणालो. आधी स्वप्न दाखवून मग पैशांसाठी मागे ओढणं मुलाला फार लागतं.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून येणार असाल तर

कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं, तिथल्या अनिकेत जाधवने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली. गोव्यात तर चेंडू घराघरात आहे. खेळ आहे, पण अमेरिकन कोच तो बघायला येणार नाही, म्हणून व्हिडिओवरच सगळं येतं. स्टेडियमच्या वरच्या पायरीवरून घेतलेले दोन अखंड सामने आधी तयार ठेवा. प्रतिस्पर्धी संघ कोणता, स्पर्धा कोणत्या पातळीची, हे एका ओळीत समजावून लिहा. "राज्य संघात निवड" किंवा "सुब्रतो चषकाच्या राष्ट्रीय फेरीत खेळलो" एवढ्यावरून अमेरिकन कोचला पातळी कळत नाही. देशभरातल्या शाळांच्या स्पर्धेत किती पुढे गेलात ते सांगा.

नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपा. एलिजिबिलिटी सेंटर दहावी-बारावीच्या बोर्ड प्रमाणपत्रांबरोबर शाळेचे वर्षवार गुणही बघतं. दहावीनंतर कला-वाणिज्य-विज्ञान असे फाटे फुटतात तेव्हा गणित किंवा विज्ञान सुटत नाही ना, हे आधी ताडून बघा. बारावीनंतर "एक वर्ष फक्त खेळतो" असं ठरवण्याआधी नियम वाचा, कारण शाळा संपल्यावर कॉलेज लांबवून स्पर्धात्मक खेळ चालू ठेवला तर पात्रतेवर परिणाम होऊ शकतो. क्लबशी व्यावसायिक करार करण्याआधी तर थांबाच. सामन्याचं मानधन घेतलं असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा. लपवलेली गोष्ट नंतर निघाली तर चारही वर्षं जाऊ शकतात.

खर्चाचं आधीच बोला. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकन सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, म्हणून पहिल्या-दुसऱ्या पत्रातच वर्षाला घरून किती देता येईल ते सांगा. कोचचाही वेळ वाचतो. डिव्हिजन टू, एनएआयए आणि ज्युनिअर कॉलेजांत परदेशी खेळाडूंना बऱ्याचदा जास्त वाव असतो, तिथून सुरुवात करा. टोफेल किंवा आयईएलटीएस अकरावीतच उरका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना जाहिरातीतून मिळणारा पैसा हा अमेरिकन खेळाडूंसारखा साधा मामला नाही, त्यामुळे तशी ऑफर आली तर आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा. व्हिसाची वेळ मे-जूनमध्ये मिळायला हवी, कारण संघ ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जमतो, बाकीचे विद्यार्थी येण्याआधी.

होकार दिल्यावर

उरलेल्या सगळ्या कोचना त्याच आठवड्यात मुलाने आभाराचं पत्र लिहावं, ज्यांनी नाही म्हटलं त्यांनाही. हे लोक एकमेकांना ओळखतात आणि कॉलेज बदलतात.

मे-जूनमध्ये नव्या कोचकडून उन्हाळ्याच्या व्यायामाचा कागद येतो : आठवडेवार धावणं, वजनं, चेंडूचा सराव. ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी धावण्याची चाचणी असते. आमच्या मुलीने तो कागद फ्रिजवर लावला होता, आजीने पाठवलेल्या गणपतीच्या चुंबकाखाली. रोज सकाळी सहाला ती शाळेच्या ट्रॅकवर जायची, आणि परत आली की घामाच्या हातानेच त्या दिवसाच्या चौकटीवर पेनने काट मारायची.